बाळंतपणानंतर डोकेदुखी, आकडी, मेंदूत गुठळी : अनुभव आणि माहिती हवी

शुभा_रामबाग
नमस्कार मंडळी. गरोदरपणातल्या बीपीवर इथे जुने धागे आहेत, पण बाळ झाल्यानंतर आईला येणाऱ्या स्ट्रोकवर काही सापडलं नाही, म्हणून नवा धागा काढते आहे. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझी भावजय, तिशीच्या आतली, पहिलंच बाळंतपण. इंदूरमध्येच एका नर्सिंग होममध्ये सिझर झालं. बाळ छान, तीही छान, टाके सुकले, घरी आली. बीपी नाही, शुगर नाही. दुसऱ्या आठवड्यात डोकं दुखायला लागलं. घरात, शेजारी, फोनवर सगळ्यांचं एकच निदान : "सिझरला पाठीत सुई देतात ना, त्याचंच. आडवी पड, कॉफी घे." नर्सिंग होमला फोन केला तर तिथूनही तेच उत्तर आणि वर एक गोळी. एक गोष्ट मात्र कुठेच बसत नव्हती. आडवं पडलं की तिचं दुखणं वाढायचं. रात्ररात्र भिंतीला तक्क्या लावून बसून असायची आणि आम्हाला वाटायचं, बाळ झोपू देत नाहीये.

मग एका सकाळी बाळाची अंघोळ झाल्यावर झबल्याचे बंद बांधायला गेली, तर उजव्या हाताने गाठच मारता येईना. बंद बोटांतून निसटायचा. आई म्हणाली, अशक्तपणा आहे, दे इकडे. त्याच दुपारी आकडी आली. दातखीळ बसलेली, तोंडाला फेस. मालिशवाल्या मावशी बाहेरचं काही असेल म्हणून लिंबू आणायला निघाल्या, भावाने १०८ ला फोन लावला.

दवाखान्यात सीटी काढला, डाव्या बाजूला थोडा रक्तस्राव दिसला. ब्रेन हॅमरेज म्हणून ठेवून घेतलं. रात्रपाळीला एक तरुण डॉक्टर मुलगी होती, तिने विचारलं, "बाळंत कधी झाली?" केसपेपरवर ते कुणी लिहिलंच नव्हतं. तिने हट्टाने एमआरआय आणि व्हेनोग्राफी, म्हणजे मेंदूच्या शिरांची तपासणी, करायला लावली. मेंदूच्या वरच्या मोठ्या शिरेत गुठळी निघाली. मग हेपारिनची इंजेक्शनं सुरू झाली. आता ती घरी आहे, हात जवळपास पूर्ववत आलाय, वॉरफेरिन ही रक्त पातळ ठेवायची गोळी आणि आकडीची गोळी चालू आहे.

मला विचारायचं आहे ते असं. मेंदूत रक्तस्राव दिसत असताना रक्त पातळ करायचं इंजेक्शन कसं काय देतात? संमतीच्या कागदावर सही करताना भावाचा हात कापत होता. अंगावर पाजलेलं चालतं का? पुढे दुसऱ्या मुलाचा विचार करता येतो का? आणि हे आम्हाला आधी ओळखता आलं असतं का?

न्यूरो_भटका
शुभाताई, हात परत आला हे वाचून बरं वाटलं. मी न्यूरॉलॉजीवाला. शिक्षण इंदूरच्या एमजीएम मेडिकल कॉलेजचं, उमेदवारी तिथल्याच एम.वाय. हॉस्पिटलच्या वॉर्डात, सध्या बाहेरगावी असतो. इथे सर्वसाधारण माहिती देतो, तिच्या औषधांचा निर्णय तिच्या डॉक्टरांकडेच राहू द्या.

आजाराचं नाव सेरेब्रल व्हीनस थ्रॉम्बोसिस, आम्ही नुसतं सीव्हीटी म्हणतो. नेहमीच्या स्ट्रोकमध्ये मेंदूकडे रक्त नेणारी धमनी बंद होते. इथे मेंदूतून रक्त परत नेणारी शीर बंद होते. मोरी तुंबली की पाणी मागे घरात भरतं ना, तसं रक्त मागे साचतं, दाब वाढतो आणि त्या दाबाने बारीक शिरांतून रक्त बाहेर झिरपतं. म्हणजे सीटीत दिसलेला रक्तस्राव हा तुंबण्याचा परिणाम. मूळ गुठळी वाढत राहिली तर तो आणखी वाढणार. म्हणून रक्तस्राव असतानाही हेपारिन देतात. ते गुठळी विरघळवत नाही, तिला वाढू देत नाही. विरघळवायचं काम शरीर हळूहळू करतं. १९९१ साली जर्मनीत यावर एक छोटी चाचणी झाली. अवघे २० रुग्ण, पण हेपारिन मिळालेल्यांची प्रकृती इतकी उघड सुधारत होती की चाचणी मध्येच थांबवली. त्यांतल्या काहींच्या मेंदूत आधीपासून रक्तस्राव होता. भावाने सही केली ते योग्यच झालं.

हे बाळंतिणीलाच का, तर बाळंतपणात अतिरक्तस्राव होऊ नये म्हणून गरोदरपणातच शरीर रक्त गोठण्याची तयारी करून ठेवतं. फायब्रिनोजेन वाढतं, फॅक्टर आठ वाढतो, गोठणं आवरणारं प्रोटीन एस कमी होतं. बाळ बाहेर आलं म्हणून ही तयारी दुसऱ्या दिवशी मोडत नाही. कॅलिफोर्नियातल्या जवळपास १७ लाख बाळंतिणींच्या नोंदी तपासून २०१४ मध्ये एक अभ्यास आला. बाळंतपणानंतरच्या पहिल्या ६ आठवड्यांत गुठळीच्या आजारांचा धोका एरवीपेक्षा सुमारे ११ पट, आणि ७ ते १२ आठवड्यांतही दुपटीच्या थोडा वर. यात मेंदूचा स्ट्रोक, हार्ट अटॅक, पायातल्या आणि फुप्फुसातल्या गुठळ्या असं सगळं आलं. लगेच घाबरू नका, मुळात आकडा लहान आहे. ११ पट होऊनही बहुतेक जणींना काही होत नाही. पण सव्वा महिना झाला, आता बाळंतीण मोकळी, हा आपला हिशेब रक्ताला लागू नाही.

त्यावर सिझर, ताप किंवा जंतुसंसर्ग, अंगात रक्त कमी असणं, पाणी कमी पिणं, आणि शाकाहारी घरांत बी-१२ कमी पडून रक्तात वाढलेलं होमोसिस्टीन नावाचं द्रव्य, यांतलं काही जोडीला आलं की शक्यता वाढते. भारतात बाळंतिणींमधलं सीव्हीटी आम्ही पाश्चात्त्य पुस्तकांत लिहिलंय त्यापेक्षा बरंच जास्त पाहत आलो आहोत.

तर्कट
सगळं ठीक, पण फोनवर पेशंट न बघता गोळी सांगितली, त्याचं काय? पॅकेजमध्ये बाळाचे फोटोशूट असतात. डिस्चार्ज कार्डावर टाक्यांची तारीख, लशीची तारीख, बिलाचा आकडा, सगळं ठळक. आईचं डोकं दुखलं तर कधी यायचं, याची एक ओळ नाही. माझ्या बहिणीचं कार्ड आत्ता समोर धरून लिहितोय.

न्यूरो_भटका
तर्कट, राग समजतो. फोनवर एवढं विचारायला हवं होतं : दुखणं कधी सुरू झालं, आणि बसल्यावर वाढतं की पडल्यावर?

स्पायनलची, म्हणजे पाठीतल्या सुईची, डोकेदुखी बहुधा सुई दिल्यापासून ५ दिवसांच्या आत सुरू होते. उठून बसलं की वाढते, सपाट पडलं की उतरते. फारच झाली तर बाईचंच थोडं रक्त काढून पाठीत सोडतात, त्याला ब्लड पॅच म्हणतात, बऱ्याचदा तिथेच आराम पडतो. दुसऱ्या आठवड्यात नव्याने सुरू झालेली आणि पडल्यावर वाढणारी डोकेदुखी त्या साच्यात बसतच नाही. आणखी एक, सुरुवातीला खरोखर स्पायनलचीच असलेली डोकेदुखी मध्येच पालटली, म्हणजे पडून राहिल्यावर बरं वाटायचं ते वाटेनासं झालं, तरी पुन्हा दाखवायचं. सुईच्या डोकेदुखीमागून सीव्हीटी झाल्याची उदाहरणं आहेत.

आणि साधा सीटी 'नॉर्मल' आला म्हणून सुटलो समजू नका. सीव्हीटीत तो अनेकदा स्वच्छ दिसतो. शिरा दाखवणारी व्हेनोग्राफी लागते, मग ती एमआरची असो की सीटीची.

माई_स्नेहलतागंज
मुलांनो, मी तुमच्या सगळ्यांपेक्षा मोठी, म्हणून बोलते. पाणी कमी पिण्याचं आलं म्हणजे आता बोट आम्हा म्हाताऱ्यांकडे वळणार. आमच्या घरी बाळंतिणीचं पाणी कधी तोडलं नाही. ओवा आणि बाळंतशेपा घालून उकळलेलं पाणी तांब्याभर उशाशी असायचं, संपलं की सासूबाई स्वतः भरून ठेवायच्या. काही घरांत मात्र पाणी वाटीने मोजून द्यायचे, पोट सुटेल म्हणून, तेही मी डोळ्यांनी पाहिलंय. शेक-शेगडी आमच्याकडे होती आणि मला तिचा आरामच वाटला. सगळंच जुनं वाईट म्हणू नका.

तर्कट
माई, मे महिन्यात, इंदूरच्या उन्हात, खिडक्या लावून, कानाला फडकं बांधून कोळशाची शेगडी? घामाने अर्धं पाणी जात असेल.

माई_स्नेहलतागंज
वाड्याच्या भिंती हातभर जाड होत्या बाबा. तुझ्या फ्लॅटसारख्या तापायच्या नाहीत.

न्यूरो_भटका
माई, तांब्याभर पाणी उशाशी ठेवणाऱ्या सासूबाईंना माझा नमस्कार. पाणी तोडण्याची रीत आणि बाळंतिणीतलं सीव्हीटी यांचा संबंध आपल्याकडच्या डॉक्टरांनी पूर्वीपासून नोंदवला आहे. अंगावर पाजणाऱ्या बाईला उलट जास्त पाणी लागतं. शेपा घाला, ओवा घाला, पण मोजू नका. शेगडीबद्दल तर्कटच्या बाजूने एक मुद्दा आहे : बंद खोलीत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याचा वास येत नाही आणि त्याने बाळंतिणीचंही डोकं दुखतं, बाळालाही धोका. शेक घ्यायचाच असेल तर गरम पाण्याची पिशवी घ्या, खिडकी उघडी ठेवा.

अपर्णा_बडोदे
माझं माहेर इंदूर, सासर बडोदं, दांडिया बाजारात. माझं प्रकरण गुठळीचं नव्हतं, पण याच धाग्यात बसेल.

नऊ महिने बीपी एकदम व्यवस्थित. नॉर्मल डिलिव्हरी. पाचव्या दिवशी, म्हणजे पाचवीच्याच संध्याकाळी, घर पाहुण्यांनी भरलेलं आणि माझ्या डोळ्यांपुढे चांदण्या. डोकं असं ठणकत होतं की दिव्याकडे बघवेना. पोटात वर, बरगडीखाली दुखत होतं, ते मी जिलबीवर ढकललं. सासूबाईंनी दृष्ट काढली. चुलत दीर मेडिकल स्टोअरवाले, ते दुकानातलं बीपीचं मशीन घेऊनच आले होते कुणासाठी तरी, त्यांनी गंमत म्हणून माझ्या हाताला लावलं. १७८/११४. पुन्हा लावलं, तेच. पूजा अर्धी टाकून दवाखान्यात गेलो. मॅग्नेशियमची इंजेक्शनं लावली. अंगाची अशी लाही झाली की विचारू नका, पण आकडी आली नाही. नंतर काही आठवडे बीपीची गोळी होती, मग सुटली.

डॉक्टरांना मी चारदा विचारलं, गरोदरपणात नव्हतं तर आता कुठून आलं?

न्यूरो_भटका
अपर्णा, पोस्टपार्टम प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात याला. बाळंतपणानंतर बीपी लगेच खाली येतं असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात ते तिसऱ्या ते सहाव्या दिवसादरम्यान सर्वांत वर असतं, आणि नेमकं तेव्हाच आपण बाईला घरी पाठवलेलं असतं. १४०/९० च्या वर गेलं तर डॉक्टरांना कळवायचं. वरचा १६० किंवा खालचा ११०, दोन्हींपैकी एकही गाठला आणि थोड्या वेळाने पुन्हा मोजल्यावर तसाच राहिला, तर तासाभरात औषध पोटात किंवा शिरेत गेलं पाहिजे. सकाळची वाट बघायची नाही. बाळंतिणीच्या मेंदूत रक्तस्राव होण्याचं मोठं कारण हेच न मोजलेलं बीपी. बाळंतपणानंतर ६ आठवड्यांपर्यंत कधीही हे डोकं वर काढू शकतं. डोळ्यांपुढे चांदण्या, बरगडीखालचं दुखणं, अचानक आलेली सूज, ही त्याचीच चिन्हं. मॅग्नेशियम आकडी टाळण्यासाठी, आणि त्याची लाही सगळ्यांनाच होते.

सिस्टर_प्रभा
मी सरकारी प्रसूती वॉर्डातून निवृत्त झालेली. डॉक्टर साहेबांनी सांगितलं ते बरोबरच, मी जमिनीवरचं सांगते.

एक तर, कोणत्याही दवाखान्यात गेलात की पहिलं वाक्य "ही इतक्या दिवसांची बाळंतीण आहे" हे बोला. साडी-शालीत गुंडाळलेली बाई स्ट्रेचरवर आली की कॅज्युअल्टीत कुणाला कळत नाही, बाळ घरी राहिलेलं असतं. शुभाताईंच्या त्या डॉक्टर मुलीसारखं विचारणारं माणूस दर पाळीला असेलच असं नाही.

दुसरं, पाय. बाळंतपणानंतर दोन्ही पायांना थोडी सूज असते. पण एकच पाय सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, तर तो पाय मालिशवालीच्या हातात देऊ नका. आमच्याकडे अशी एक आली होती. मालिशवालीने तेल लावून पोटरी चांगली रगडून दिली होती, आणि दुसऱ्या दिवशी बाईला धाप लागली, छातीत कळ. पायातली गुठळी सुटून फुप्फुसात गेली होती. वाचली, पण फार वाईट दिवस काढले तिने. मालिश करणाऱ्या मावशींना मीच आता सांगत असते : दोन्ही पोटऱ्या आधी नजरेने ताडून बघा, फरक दिसला तर हात लावू नका. त्या ऐकतात, घरातली माणसं ऐकत नाहीत.

आणि सिझरवाल्या बाईला सव्वा महिना खाटेवरून उतरू न देणं बंद करा. टाके सांभाळून घरातल्या घरात हिंडू द्या.

आशाताई घरी येतात ना, दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. त्या आल्या की सगळे बाळाचं वजन विचारतात. बाळंतिणीने तेव्हाच आपलं डोकं, पाय, डोळे सांगावेत.

शिल्पा_सुदामानगर
डॉक्टर, मला एक विचारायचं होतं. माझ्या मैत्रिणीला बाळंतपणानंतर आठवड्याभरात डोक्यात वीज कडाडल्यासारखं झालं. एका क्षणात, ती म्हणते मिनिटभरही नाही लागलं. मग थांबलं, दोन दिवसांनी पुन्हा तसंच. तिला 'शिरा आकसल्या' असं सांगितलं. हे त्याच गुठळीतलं का?

न्यूरो_भटका
नाही, हा वेगळा प्रकार, आरसीव्हीएस. यात गुठळी नसते. मेंदूच्या धमन्या जागोजागी आवळतात आणि काही आठवड्यांनी, फार तर ३ महिन्यांत, आपोआप सैल होतात. बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात, पण मधल्या काळात काहींना स्ट्रोक किंवा मेंदूत रक्तस्राव होतो, म्हणून हलकं घ्यायचं नाही. शिवाय क्षणात टोकाला जाणारं दुखणं फुटलेल्या धमनीचंही असू शकतं. घरी बसून ठरवता येत नाही, तडक मोठ्या दवाखान्यात जायचं.

काही औषधं या आवळण्याला निमित्त होतात. सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन, मायग्रेनची ट्रिप्टान गटातली औषधं, रक्तस्राव थांबवायला दिलेलं मिथाइलएर्गोमेट्रिन, दूध बंद करायला पूर्वी सर्रास दिलं जाणारं ब्रोमोक्रिप्टिन. अमेरिकेत दूध बंद करण्यासाठी ब्रोमोक्रिप्टिन देणं १९९० च्या दशकातच थांबलं. बाळंतिणीला सर्दी झाली म्हणून दुकानातून परस्पर गोळी आणू नका.

मानेच्या धमनीच्या आतल्या थराला चीर पडण्याचा प्रकारही बाळंतपणानंतर दिसतो. त्यात मानेत एका बाजूला नवंच दुखणं असतं, कधी त्या बाजूची पापणी किंचित उतरते. क्वचित होतं, म्हणून एवढंच.

सिस्टर_प्रभा
मिथाइलएर्गोमेट्रिन म्हणजे आमचं मेथर्जिन. बीपी वाढलेल्या बाईला ते द्यायचं नाही, हे आम्हाला पहिल्या महिन्यातच घोकून घेतात.

शुभा_रामबाग
सगळ्यांचे खूप आभार. डॉक्टर, माझे दोन प्रश्न राहिले, अंगावर पाजण्याचा आणि पुढच्या मुलाचा. आणि एक घरगुती : आईने मेथीचे आणि डिंकाचे लाडू डबाभर करून ठेवलेत, वर बाळंतकाढा आहे. वॉरफेरिनवर चालतील?

न्यूरो_भटका
राहिलेच होते खरे.

पाजणं : वॉरफेरिन दुधात नगण्य उतरतं, हेपारिनचंही तसंच. दोन्हींवर अंगावर पाजता येतं. रक्त पातळ करायच्या नव्या गोळ्या, रिव्हारोक्साबॅन वगैरे, पाजत असताना शक्यतो देत नाहीत. कुणी गोळी बदलायचं म्हटलं तर 'पाजते आहे' हे आठवणीने सांगा.

लाडू : वॉरफेरिनला एकदम झालेला बदल मानवत नाही. पालक, मेथी, कोथिंबीर यांत व्हिटॅमिन के असतं, ते एका आठवड्यात भरपूर आणि पुढच्यात शून्य असं झालं की आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे हे सांगणारा तपासणीतला आकडा, खालीवर होतो. हे हिरव्या पाल्याचं झालं. मेथीदाण्याने उलट रक्त आणखी पातळ झाल्याचीही नोंद आहे. डिंकाचा एखादा लाडू खाऊ द्या, मेथीच्या लाडवांचा डबा दाखवून डॉक्टरांना विचारा. बाळंतकाढा मी बंद ठेवीन. त्यात काय किती आहे हे बाटलीवरून कळत नाही आणि आयएनआर बिघडला तर कशाने बिघडला ते सापडत नाही. अंगदुखीला आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या परस्पर घ्यायच्या नाहीत.

पुढचं मूल : येऊ शकतं. नुसतं सीव्हीटी झालं म्हणून गरोदर राहायला मनाई नाही. मात्र पुढच्या खेपेला हेपारिनची रोजची इंजेक्शनं बहुधा लागतील, म्हणून ठरवून, आधी दाखवून. वॉरफेरिन चालू असताना दिवस राहू देऊ नका, गर्भाला अपाय होतो. आणि गर्भनिरोधक म्हणून इस्ट्रोजेनवाल्या गोळ्या तिला आता कायमच्या वर्ज्य. कॉपर टी चालेल.

धीर वाटावा म्हणून सांगतो, २००४ च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात सीव्हीटीच्या ६२४ रुग्णांचा पाठपुरावा केला. पाचांपैकी जवळजवळ चौघांना पुढे काहीच त्रास उरला नाही किंवा अगदी किरकोळ उरला.

माई_स्नेहलतागंज
शुभा, लाडवांचा डबा फुकट जाऊ देऊ नकोस. पोराचा बाप रात्री जागतो ना, त्याला दे.

अपर्णा_बडोदे
प्रभाताई, घरी बीपीचं मशीन घ्यावं का? नणंदेचे दिवस भरत आलेत.

सिस्टर_प्रभा
घ्या. दंडावर बांधायचं घ्या, मनगटाचं नको. पट्टा दंडाच्या मापाचा बघून घ्या, जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा उगाच जास्त येतो. पाजून झाल्यावर पाच मिनिटं टेकून बसू द्या, पाय जमिनीला, हात छातीच्या उंचीवर, मोजताना बोलायचं नाही. घरी आल्यापासून पहिला आठवडा दहा दिवस सकाळ-संध्याकाळ, आणि डोकं दुखलं तर मधेही. आकडा तारखेसह लिहून ठेवा, दवाखान्यात तो कागद दाखवा.